नात्याला पुरावा हवा

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिमेला, दिरांग-बोमडिलाच्या डोंगरांत, शेरदुक्पेन, सार्तांग, बुगुन, खिस्पी आणि दुहुंबी या भाषा बोलल्या जातात. त्यांच्या पूर्वेला, विखुरलेल्या वस्त्यांमध्ये, पुरोइक. चिनी, तिबेटी आणि बर्मी ज्या चिनी-तिबेटी कुळात मोडतात, त्याची ही एक चिमुकली शाखा मानली जाते. अभ्यासक तिला ‘खो-ब्वा’ म्हणतात. बुगुन हे नाव काही मराठी वाचकांच्या कानावरून गेलं असेल. पुण्यातले खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांनी २००६ मध्ये ईगलनेस्ट अभयारण्यातल्या एका नव्या पक्ष्याला या जमातीचं नाव दिलं. पक्ष्याची बातमी जगभर पोचली. त्या लोकांच्या भाषेची पोचली नाही.

ही शाखा खरोखर आहे का? या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांत बदलत गेलं आणि उत्तराबरोबर पुराव्याची कल्पनाही बदलली.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात या प्रदेशाचं काम स्टेन कोनोव्ह यांच्याकडे होतं. १९०९ च्या खंडात त्यांनी इथल्या भाषांना ‘उत्तर आसाम गट’ म्हटलं. पण हा गट भूगोलाचा आहे, नात्याचा नव्हे, हेही त्यांनी नोंदवलं. तो प्रामाणिकपणा पुढे विरला. शेजारी राहतात म्हणून एकत्र बांधलेल्या भाषा नंतरच्या याद्यांमध्ये हळूहळू भावंडं होऊन बसल्या.

२००१ मध्ये जॉर्ज फान ड्रीम यांनी हिमालयातल्या भाषांवरच्या ग्रंथात यांची स्वतंत्र शाखा मांडली. पाणी आणि अग्नी यांसाठीचे मूळ शब्द ‘खो’ आणि ‘ब्वा’ असावेत असं धरून त्यांनी शाखेला नाव दिलं. मांडणी धाडसी होती, पण हाताशी असलेली सामग्री तोकडी होती.

मग रॉजर ब्लेंच आणि मार्क पोस्ट यांनी मुळालाच हात घातला. काही शब्द जुळले म्हणून भाषा चिनी-तिबेटी ठरत नाही. शेजाऱ्यांकडून शब्द उसने येतात, तेव्हा आधी नातं सिद्ध करा, असं त्यांचं म्हणणं. पुरोइक लोक पूर्वी शिकारीवर आणि जंगलातल्या झाडांच्या खोडातून काढलेल्या साबूच्या पिठावर जगत. बलाढ्य शेजाऱ्यांची वेठबिगारीही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. अशा समाजाची भाषा मुळात वेगळीच, एकाकी असेल आणि वरचे शब्द उसने असतील, ही शक्यता त्यांनी पुढे ठेवली. माझ्या मते या विषयाचं सर्वांत मोठं भलं या शंकेनं केलं. तिच्यामुळे लोकांना पुन्हा डोंगर चढावे लागले.

इस्माएल लीबरहेर यांनी पुरोइकचं आणि टिमोथियस बोट यांनी दुहुंबीचं व्याकरण लिहिलं. २०१७ मध्ये दोघांनी मिळून मूलभूत शब्दांची तुलना केली. शेरदुक्पेन, सार्तांग, खिस्पी आणि दुहुंबी यांचं नातं घट्ट ठरलं. बुगुन थोडी दूरची आणि पुरोइक त्याहून दूरची. म्हणजे शाखा टिकली, पण तिच्या फांद्या सारख्या जाडीच्या नाहीत हे कळलं.

यापुढचं पाऊल मला सर्वांत मोलाचं वाटतं. नात्यातल्या भाषांमध्ये ध्वनी नेमाने बदलतात. हिंदीत पानी, बहन, जानना. मराठीत पाणी, बहीण, जाणणे. एवढं लक्षात आलं की ‘आँगन’ ऐकून ‘अंगण’ ओळखता येतं. बोट आणि योहान-माटिस लिस्ट यांनी हेच पश्चिमेकडच्या खो-ब्वा बोलींवर करून पाहिलं. ज्या बोलींतले काही शब्द अजून कुणी टिपलेच नव्हते, ते कसे असतील याचे अंदाज त्यांनी बांधले. हे अंदाज त्यांनी २०१८ मध्ये आधीच जाहीर नोंदवून टाकले आणि मगच बोट गावांत जाऊन बोलणाऱ्यांना विचारू लागले. अंदाज आणि ऐकलेले शब्द यांचा ताळा २०२२ मध्ये छापून आला, चुकलेल्या अंदाजांसकट. चूक लपवायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. इतिहासाच्या अभ्यासात असं क्वचित घडतं. एरवी आपण निष्कर्ष आधी ठरवतो आणि त्याला बसतील तेवढेच दाखले वेचतो. भाषांच्या प्राचीनतेवरून भांडताना तर हमखास.

या प्रयोगात शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा होता, हेही विसरता येत नाही. सरकारदरबारी मात्र खिस्पी आणि दुहुंबी बोलणारे मोनपा या जमातीतच मोजले जातात. धर्म, पोशाख, सण यांनी ते मोनपा आहेतच; त्यांची भाषा मात्र तवांगच्या किंवा दिरांगच्या मोनपांची नाही. शिवाय दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा भारतीय जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्रपणे येत नाहीत, आणि या शाखेतली बहुतेक प्रत्येक भाषा त्या रेषेच्या खाली आहे. २०२७ च्या जनगणनेत तरी ही अट काढावी. माणूस स्वतःच्या भाषेचं जे नाव सांगेल ते तसंच लिहून घ्यावं आणि बोलणारे दोनशे असोत वा दोन हजार, तो आकडा छापावा.