मंडळीच्या डोळ्यांवर अधिकार कोणाचा?

आमच्या खेड्यापाड्यांतील कित्येक मंडळ्यांत आता प्रोजेक्टर येऊन पोहोचला आहे. उपासनामंदिराच्या ज्या पांढऱ्या भिंतीकडे पूर्वी कोणी लक्ष देत नसे, तिजवर आज गीतांची कडवी, शास्त्रपाठ, चित्रफिती, किंबहुना उपदेश करणाऱ्या पाळकाचा चेहराही उमटतो. हे यंत्र उपासनेत असावे की नसावे, असा वाद ठिकठिकाणी चालतो. आमच्या मते खरा प्रश्न याहून खोल आहे. देवासमोर जमलेल्या लोकांचे डोळे कोठे वळावेत, हे कोणी व कोणत्या नियमाने ठरवावे?

चित्रांविषयीचा वाद नवा नव्हे. मार्सेय येथील बिशप सेरेनस याने मंदिरांतील चित्रे फोडली, तेव्हा रोमचा बिशप ग्रेगरी याने सुमारे ६०० साली त्यास पत्र लिहिले. चित्रांची पूजा होऊ दिली नाही याबद्दल त्याने त्याची प्रशंसा केली. परंतु निरक्षरांस चित्रे हीच ग्रंथाच्या ठिकाणी आहेत, ती फोडावयास नको होती, असेही बजावले. १५२२ साली विटेनबर्ग येथे मूर्तिभंजनाची लाट उसळली असता ल्यूथरने परत येऊन तीस आळा घातला. उलट १५२४ साली झुरिक येथील मंदिरांतून चित्रे काढून टाकण्यात आली. आमच्या देशात मिशनरी लोक मॅजिक लँटर्न घेऊन गावोगाव हिंडत. ख्रिस्ताच्या चरित्रावरील चलच्चित्र मुंबईत पाहूनच दादासाहेब फाळके यांस चित्रपट काढण्याची स्फूर्ती झाली, व १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. चित्राचे बळ मोठे आहे, यात संशय नाही. म्हणूनच त्यास नियम हवा.

आता या यंत्राची रीत पाहू. प्रोजेक्टर स्वतः होऊन काहीच दाखवीत नाही. त्यास जे दिले जाते तेच तो भिंतीवर टाकतो, आणि मंडळीत देणारे अनेक असतात. गीते लॅपटॉपमध्ये, चित्रफीत कोणाच्या मोबाइलमध्ये, शिवाय व्यासपीठासमोर कॅमेरा. या सर्वांच्या तारा एकाच तोंडात घालता येत नाहीत. म्हणून मध्ये स्विचर नावाची पेटी ठेवावी लागते. तिच्यात अनेक तारा येतात व त्यांतील जी निवडावी तिचेच चित्र पुढे जाते. कित्येकदा स्विचरऐवजी स्प्लिटर विकत आणला जातो व पैसे वाया जातात; कारण त्याचे काम नेमके उलट, म्हणजे एकच चित्र अनेक पडद्यांस वाटून देण्याचे आहे. स्वस्त स्विचर चित्र बदलताना पडदा क्षणभर काळा करतो. महाग स्विचर खंड पडू देत नाही. साधी एचडीएमआय तार दहापंधरा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. जुन्या प्रोजेक्टरच्या व्हीजीए तोंडातून चित्र जाते, आवाज जात नाही. आवाजाची तार निराळी ओढावी लागते. सर्वच मोबाइल तारेने चित्र बाहेर देतात असेही नाही. ही माहिती पंचांनी खरेदीपूर्वीच करून घ्यावी. सुवार्तिकाचा पगार थकला असता महाग पेटी आणणे हे तर विधवेच्या टोल्यांशी प्रामाणिकपणे वागणे नव्हे.

परंतु पेटी आली, तारा जुळल्या, म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. येथेच त्याचा आरंभ होतो. पेटीवर ज्याचा हात आहे, तो साऱ्या मंडळीचे डोळे फिरवितो. बहुधा तो पंधरासोळा वर्षांचा मुलगा असतो. त्यास यंत्र समजते, पण काय केव्हा दाखवावे हे त्यास कोणी सांगितलेले नसते.

करिंथ येथील मंडळीतही देणारे पुष्कळ होते. कोणापाशी गीत, कोणापाशी शिक्षण, कोणापाशी अन्य भाषा. आणि सर्वच एकदम बोलू पाहत. पौलाने १ करिंथ १४ मध्ये त्यांची दाने हिरावून घेतली नाहीत, तर त्यांस क्रम लावून दिला. तो क्रम आमच्या भिंतीसही तंतोतंत लागू पडतो.

पहिली गोष्ट, पाळीपाळीने. उपदेश चालला असता मागे चित्रे हलू लागली, तर दोघे एकाच वेळी बोलू लागले असेच झाले. दुसरी गोष्ट, अर्थ सांगणारा असावा. ज्या म्हाताऱ्या बाईस वाचता येत नाही, तिला भिंतीवरील अक्षरे ही परकी भाषाच होय. जुनी गीते तिला मुखोद्गत असतात. पडद्यावरील नवी गीते सुरू झाली की ती मुकी होते. म्हणून कोणीतरी प्रत्येक ओळ आधी मोठ्याने सांगावी. ज्यास ऐकू येत नाही, त्यास मात्र हीच अक्षरे वरदान आहेत. त्याच्यासाठी ती ठळक व मोठी असावीत. तिसरी गोष्ट, अर्थ सांगणारा नसेल तर मौन. प्रार्थनेच्या वेळी व प्रभुभोजनाच्या वेळी भिंत रिकामी असावी. बहुतेक प्रोजेक्टरांस चित्र झाकण्याचे बटण असते. ते दाबण्याची सवय करावी.

चौथी गोष्ट, सर्व काही उन्नतीसाठी. येथे कॅमेऱ्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते. सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा देणाऱ्यांस याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात दोष देतो. कॅमेरा वारंवार पहिल्या रांगेतील पाहुण्यांकडेच वळत असेल, तर तोच पक्षपात होय. याहून गंभीर बाब ही की, कॅमेऱ्याचे चित्र पुष्कळदा मोबाइलद्वारे जगभर जाते. जो मनुष्य अद्याप भीत भीत मागील बाकावर येऊन बसतो, त्याचा चेहरा त्याच्या संमतीवाचून दाखविल्यास त्याचे घर, त्याची मजुरी, त्याचे सोयरसंबंध संकटात येऊ शकतात. निकदेम रात्री आला. प्रभूने त्यास चव्हाट्यावर आणले नाही.

कोणी म्हणेल, एवढा भार त्या मुलावर कशास? आमचे म्हणणे उलट आहे. तो भार आज त्याच्यावरच आहे, पण एकट्यावर आहे. १ इतिहास २६ मध्ये मंदिराचे द्वारपाळदेखील नावानिशी नेमलेले आढळतात. तद्वत पंचांनी त्या मुलास नेमावे, पाळकाने शनिवारीच उपासनेचा क्रम त्याच्या हाती द्यावा, व त्याचे काम ही सेवा समजून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. काय दाखवावे याची जबाबदारी वडिलांची. ते नीट दाखविणे ही त्याची.

यंत्र सेवक आहे की धनी झाला आहे, हे ओळखावे कसे? एज्रा लोकांस नीट दिसावा व ऐकू यावा म्हणून लाकडी मंच केला होता. मंचाकडे पाहत कोणी बसले नाही, लोकांनी नियमशास्त्र ऐकले. पितळी साप देवाच्या आज्ञेनेच घडविला गेला. परंतु लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला. आमच्या खेड्यांत ही परीक्षा करण्यास फार वाट पाहावी लागत नाही, वीज जातेच. भिंत एकाएकी काळी झाली असता गीत तसेच पुढे चालले, उपदेशाचा धागा तुटला नाही, तर यंत्र आपल्या जागी आहे असे समजावे. उपासनाच थांबली, तर पुढील काही रविवार तारा गुंडाळून ठेवाव्यात, आणि मंडळीस पुन्हा गीते पाठ करावयास लावावीत.