दर्शन, बाधा आणि आजार

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात आजारपणाविषयी लिहावे की नाही, याचा थोडा विचार केला. पण आपल्या मंदिरात काकड आरतीला येणाऱ्या मंडळींत निम्म्याहून अधिक सत्तरी ओलांडलेली आहेत, आणि गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न मला निरनिराळ्या घरांतून विचारला गेला आहे. "वडिलांना रात्री खोलीत माणसं दिसतात. हे काय समजायचं?" कोणी दबक्या आवाजात पुढे जोडते, "बाहेरचं काही असेल का?" कोणी उलट कौतुकाने सांगते, "आईला महाराज दिसतात हो, केवढं भाग्य!" भीती आणि कौतुक वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे. मेंदूच्या आजारात माणसाला जे दिसते, किंवा जे त्याच्या मनात घट्ट रुतून बसते, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे? देवाच्या, भुताच्या, त्या माणसाच्या, की आजाराच्या?

माझ्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, कंपवात होता. इंग्रजीत पार्किन्सन म्हणतात तोच. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 साली त्याचे वर्णन लिहिले, म्हणून ते नाव. आपल्याकडे लोकांना त्यातला हाताचा कंप तेवढा ठाऊक असतो. अण्णांचा हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून ते झोपेत ओरडत, लाथा झाडत. एकदा वहिनींच्या खांद्याला चांगला मुका मार लागला. स्वप्न पाहताना आपले हातपाय निसर्गतः सैल, जखडल्यासारखे असतात. या आजाराच्या वाटेवर असलेल्या पुष्कळांची ती कडी निघते आणि माणूस स्वप्न अंगाने जगू लागतो. हे नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले. तोवर आम्ही वाईट स्वप्ने पडतात म्हणून त्यांच्या उशाशी अंगारा ठेवत होतो. अंगारा ठेवण्यात काही वावगे नव्हते, पण ती लक्षणे होती.

आजाराला सातेक वर्षे झाली आणि दिसणे सुरू झाले. आधी नुसते, "आत्ता दारातून कोण गेलं?" मग पायाशी मांजर. मग गॅलरीत कुत्री. कुत्री म्हटल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न काय आला असेल, हे दत्तभक्तांना सांगायला नको. "अण्णा, किती आहेत? चार का?" ते म्हणाले, कधी तीन, कधी पाच. आणि मग एका गुरुवारी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत त्यांना भगव्या वस्त्रांतले एक संन्यासी बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशीही दिसले. ही बातमी आळीत पोचायला वेळ लागला नाही. शेजारच्या दोघी बायका येऊन रिकाम्या खुर्चीला हळदकुंकू वाहून गेल्या.

खुद्द अण्णांनी मात्र हात जोडले नाहीत. चाळीस वर्षे वाडीची पौर्णिमा न चुकवलेला माणूस! मी विचारले तर म्हणाले, "हा काही मागत नाही रे. नुसता बसतो."

त्या एका वाक्यावर मी फार दिवस विचार केला आहे. आपल्या संप्रदायात श्रीगुरू येतात ते भिक्षा मागत. दारी उभे राहतात, झोळी पुढे करतात, आणि गृहस्थाच्या हातून काही घडवून घेतात. पोटशूळाला कंटाळून नदीत जीव द्यायला निघालेल्या ब्राह्मणाला श्रीगुरू माघारी बोलावतात आणि सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घालतात. महाराज डोळ्यांना कसे दिसले याला तिथे महत्त्व नाही. त्यांच्या येण्याने कोणाचे काय झाले, यावर कथा उभी आहे. नुसत्या दिसण्याला दर्शन म्हणण्याची घाई आपल्या ग्रंथाने केलेली नाही, आपण करतो.

जिनिव्हा शहरात शार्ल बोने नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे आजोबा नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूने दृष्टी अधू झालेली, पण बुद्धी अगदी शाबूत. त्यांना दिवसाउजेडी नटलेल्या स्त्रिया, पक्षी, घोडागाड्या, इमारती दिसू लागल्या. त्या खऱ्या नाहीत हे त्यांना समजत होते. बोने यांनी 1760 साली हे लिहून ठेवले, आणि दृष्टी गेलेल्यांना होणाऱ्या अशा भासांना आजही त्यांचेच नाव आहे. जिनिव्हाच्या आजोबांना घोडागाड्या दिसल्या, सांगलीच्या अण्णांना कुत्री आणि संन्यासी. मेंदू चित्रे काढतो ती आपल्याच घरच्या कोठीतून.

आपल्या मंदिरातली जुनी पेटी आठवा. पावसाळ्यात तिची एक पट्टी अडकते आणि भाता हलला की बोट न लावता तो सूर वाजत राहतो. सूर खरा असतो, कानाला ऐकू येतो, पण तो कोणी वाजवलेला नसतो. कंपवातात हेच होते. हालचालीला लागणारे एक रसायन मेंदूत कमी पडते, ते भरून काढायला लेवोडोपा देतात, आणि आजार पुढे सरकला की तो आणि औषधे मिळून न दाबलेल्या पट्ट्या वाजवू लागतात. फ्रेडरिक लेवी यांनी 1912 साली अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोळ्यांसारखे साके पाहिले. तसेच साके मेंदूभर पसरले की स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार होतो, आणि त्यात तर माणसे, मुले, जनावरे दिसणे हे सुरुवातीचेच लक्षण असते.

इथवर आमच्या घरात कोणाला फारसा त्रास नव्हता. पुढच्या चैत्रात अण्णांना आणखी एक माणूस दिसू लागला. तो रात्री स्वयंपाकघरात येतो, आणि वहिनी त्याच्याशी बोलतात. बावन्न वर्षांचा संसार झालेल्या बाईला तिचा नवरा मुलांसमोर, सुनेसमोर विचारू लागला, "तो कोण आहे? किती दिवस चाललंय?" असा संशय या आजारात येतो, आणि तो बहुतेक वेळा जोडीदारावरच येतो. काही रुग्णांना तर आपली बायको ही बायकोच नव्हे, तिच्यासारखी दिसणारी कोणी दुसरीच आहे, असे ठाम वाटते. समजावून उपयोग होत नाही. पुरावा दाखवला तर पुरावा देणाऱ्यावर संशय येतो.

आता घरातले लोक, आम्हीच, काय म्हणू लागलो पाहा. संन्यासी दिसणे ही पूर्वपुण्याई. आणि हा माणूस दिसणे हा आजार. एका मावशींनी तर त्याला बाधा ठरवून गाणगापूरला न्यायचे सुचवले. तेव्हा वहिनी, ज्या सहसा चारचौघांत बोलत नाहीत, मला म्हणाल्या, "भाऊजी, ते संन्यासी खरे, तर तो मनुष्यही खरा ठरतो. डोळे तेच आहेत ना यांचे? मला संन्यासी नकोत."

याला उत्तर नाही. एकाच पेटीचा, एकाच अडकलेल्या पट्टीचा सूर. गोड लागला तर प्रसाद आणि कडू लागला तर पिशाच, असे करता येत नाही. आपण दर्शनाचे कौतुक ठेवून घेतो तेव्हा त्याची किंमत घरातल्या कोणा बाईला मोजावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

यावर आपल्यातले कोणी अभ्यासू गृहस्थ म्हणतील की सगळेच मिथ्या आहे, मग अण्णांचे दिसणे मिथ्या आणि आपले खरे, हे कसे? वेदान्ताचा आधार असा सैलपणे घेऊ नये. आचार्यांच्या परंपरेत सत्तेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रातिभासिक, व्यावहारिक, पारमार्थिक. दोरीवरचा साप पहिल्या पायरीवरचा. दोरी दुसऱ्या. ब्रह्म तिसऱ्या. तिसरीच्या नावाने पहिली आणि दुसरी एकच करणे म्हणजे दिवा न लावता साप-दोरी सारखीच म्हणणे. आणि दिव्याचे म्हणाल तर तो खरोखरीचाही उपयोगी पडतो. खुंटीवरचा सदरा अंधारात माणूस होतो. अण्णांच्या खोलीत रात्रभर मंद दिवा ठेवला, खुंटी रिकामी केली, आरशावर कापड टाकले, तेव्हा निम्मी माणसे निघून गेली. उरलेली दिव्याने जाणारी नव्हती. त्यांच्यासाठी डॉक्टर होते.

बाधेविषयीही बोलले पाहिजे. गाणगापूरला आरतीच्या वेळी खांबांना धरून घुमणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शिरोळच्या बाईची आणि तिला पीडणाऱ्या समंधाची कथा ग्रंथात आहे, ती मी श्रद्धेने वाचतो. पण कथेतले ओळखणारे श्रीगुरू होते. आपण कोण? वीस वर्षांची चांगली मुलगी पंधरा दिवसांत असंबद्ध बोलू लागते, भिते, चेहरा वेडावाकडा करते, हातपाय विचित्र फिरवते. हे पाहून कोणालाही झपाटल्याचा संशय येईल. 2007 साली डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशा काही रुग्णांत शरीराची संरक्षक द्रव्येच मेंदूवर उलटलेली असतात. वेळेवर उपचार झाले तर यातली बहुतेक माणसे सुधारतात. म्हणजे तिला मंदिरात बसवून ठेवलेला प्रत्येक महिना तिच्या आयुष्यातून जातो. गाणगापूरला जरूर जावे. आधी दवाखान्यात जाऊन मग जावे.

घरी असे रुग्ण असलेल्यांसाठी व्यवहाराचे चार शब्द. म्हाताऱ्या माणसाला अचानक, एकदोन दिवसांत भास होऊ लागले तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम, बद्धकोष्ठ, पाणी कमी पिणे यांची आधी तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा एवढ्यानेच माणूस ताळ्यावर येतो. कंपवाताच्या गोळ्या सप्ताहाचा उपास म्हणून किंवा आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. अंग ताठरून, ताप चढून जिवावर बेतू शकते. कमी करायच्या त्या डॉक्टर क्रमाने करतात. कवचबीजात, म्हणजे खाजकुइलीच्या बीत, मुळातच लेवोडोपा असतो. तेव्हा वैद्यांचे चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे, नाहीतर मात्रा दुप्पट होते. आणि भास थांबवायला दिली जाणारी काही जुनी औषधे, उदाहरणार्थ हॅलोपेरिडॉल, या रुग्णांना फार बाधतात. रात्री बेरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावे लागले तर 'यांना कंपवात आहे' हे दारातच सांगावे.

राहता राहिला खरेखोटेपणाचा प्रश्न. "तिथे कोण बसलंय?" याला काय उत्तर द्यायचे? 'कोणी नाही' म्हटले की अण्णा चिडत, आपल्याला वेडे ठरवतात असे त्यांना वाटे. 'हो, बसलेत' म्हणणे माझ्या जिभेवर येत नसे. वहिनी म्हणत, "मला नाही दिसत. तुम्हाला दिसतंय ना? भीती वाटतेय का?" यात असत्याचा कण नाही, आणि वादही नाही. भीती वाटते म्हणाले की त्या हात धरून बसत. ज्या हाताने सकाळी आरोप झेललेला असे, त्याच हाताने.

गोळ्यांत फेरफार झाल्यावर संशय उतरला. पुरता गेला नाही, पण उतरला. त्यानंतर दीड वर्ष अण्णा होते. शेवटी शेवटी नावे आठवत नव्हती, पण संध्याकाळी कोणी आरती सुरू केली की ओठ हलत, आणि कडवे चुकत नसे. काहीजण विचारतात की संन्यासी मेंदूचा, तर ही आरतीही मेंदूचीच ना? असेल. चाळीस वर्षे रोज म्हणून त्यांनी ती तिथे ठेवली होती. संन्यासी त्यांनी ठेवलेला नव्हता, संशयही नव्हता. मला हा फरक पुरेसा वाटतो. ज्यांना पुरत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी विसरू नये. आजारी माणूस दोषी नाही, म्हणून ज्याला लागले त्याला लागलेच नाही, असे होत नाही. 'अहो, आजारात बोलले ते, मनावर घेऊ नका' हे वहिनींना इतक्या लोकांनी ऐकवले, की त्या आपले दुखणे सांगेनाशा झाल्या. अण्णांचा वर्षश्राद्धाचा दिवस झाल्यावर त्यांच्या बहिणीने एकदा विचारले, "तू त्यांना माफ केलंस का गं?" वहिनी पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "माफ कशाचं? त्यांनी काही केलंच नव्हतं. पण मी रोज रात्री स्वयंपाकघरात दिवा लावायला जायचे तेव्हा मला भीती वाटायची, हे कोणी विचारलं नाही."

आम्ही त्या दिवशी विचारले. त्या पाऊण तास बोलल्या. पोळ्या गार झाल्या.