मुक्या जिवाचे ताट

घरात पाळलेल्या कुत्र्यामांजरांना कच्चा खिमा खाऊ घालावा काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी नैतिक चिंतनाचा विषय वाटणार नाही. पशुवैद्याने सांगावे आणि घरच्यांनी ऐकावे, एवढेच त्याचे महत्त्व, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या जिवाला मागता येते पण निवडता येत नाही, त्याच्या ताटात काय पडावे हे ठरवण्याचा अधिकार आपण घेतलेला असतो. अधिकारामागून उत्तरदायित्व येते, आणि तेथेच हा प्रश्न नीतीचा होतो.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाही. अंगणातल्या कुत्र्याला उरलासुरला भात, भाकरीचा तुकडा मिळे. मांजर मासळी साफ करणाऱ्या बाईच्या पायांत घोटाळत राही. प्राण्यांसाठी विकतचे खाद्य ही पाश्चात्त्य शहरांची निर्मिती. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यांनी कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला आणली आणि पुढे त्याचा मोठा उद्योग झाला. या उद्योगाविरुद्ध प्रतिक्रियाही उमटली. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी १९९३ साली ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ हे पुस्तक लिहून कारखान्यातले अन्न सोडा, कच्चे मांस व हाडे द्या, असा आग्रह धरला. तो विचार दूरवर पसरला. आज आपल्याकडेही कुत्र्यासाठी म्हणून खाटकाकडून वेगळा खिमा बांधून नेणारी कुटुंबे आहेत.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : कुत्रा हा लांडग्याचा वंशज, मांजर वाघाच्या कुळातले, त्यांना निसर्गाने नेमून दिलेले अन्न द्यावे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मांजराला मांसान्न लागतेच. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसामासळीतून मिळावे लागते. तयार खाद्यात ते कमी पडल्यामुळे मांजरांची हृदये निकामी होत होती, हे १९८७ साली अमेरिकेत पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. तेव्हा स्वतःच्या शाकाहाराचे व्रत मांजरावर लादणे ही भूतदया होत नाही. प्रेम करायचे तर दुसऱ्याचे वेगळेपण आधी मान्य करावे लागते.

परंतु हाच न्याय कुत्र्याला लावला तर उत्तर निराळे येते. पिष्टमय अन्न पचवण्यास साहाय्यभूत होणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. हजारो वर्षे माणसाच्या भाकरीवर वाढलेला हा प्राणी आता निव्वळ लांडगा राहिलेला नाही. शुभवर्तमानातील ती कनानी स्त्री मुलांच्या भाकरीचा चुरा मेजाखाली खाणाऱ्या कुत्र्यांचा दाखला देते, तेव्हा ती अगदी नेहमीचे दृश्य सांगत असते.

शिवाय, खिमा हे निसर्गाचे अन्न आहे काय? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदूस होऊन मरत असत. त्यांना कच्चे मांस भरपूर मिळे, पण फोडून खाता येतील अशी हाडे त्यात नसत. १८८९ च्या सुमारास जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकांनी चुरलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्यास सांगितले, आणि काही महिन्यांत छावे सुधारले. रानातला सिंह शिकारीचे काळीज, आतडी, हाडे खातो. नुसत्या मांसात कॅल्शियम फारच थोडे असते. केवळ खिम्यावर वाढवलेल्या पिल्लाची हाडे आजही अशीच ठिसूळ होतात. त्यातच, अखंड मांसाच्या पृष्ठभागावर असलेले जंतू यंत्रात खिमा करताना आतबाहेर सर्वत्र मिसळतात. निसर्गाच्या नावाने आपण जे देतो ते यंत्रातून आलेले असते.

येथवर प्रश्न प्राण्याच्या हिताचा झाला. आमच्या मते खरा नैतिक प्रश्न यापुढे सुरू होतो. साल्मोनेलासारखे जंतू पोटात असूनही कुत्रा वरकरणी ठणठणीत दिसू शकतो; ते त्याच्या विष्ठेतून, लाळेतून, खाण्याच्या भांड्यातून घरभर पोहोचतात. घरात रांगणारे बाळ असते, वृद्ध आजी असते, कोणी कर्करोगावर उपचार घेत असते. कुत्र्याचे भांडे घासणारी आणि फरशी पुसणारी बाई तर पुष्कळदा त्या घरची नसतेच. तिला या धोक्याविषयी कोणी विचारलेले नसते.

ही भीती काल्पनिक नाही. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये कापलेल्या मेंढ्यांची कच्ची आतडी-फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकीत. त्यांतून कुत्र्यांना एक जंत होई आणि त्याची अंडी माणसांच्या पोटात जाऊन यकृतात, फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी वाढत. हॅरल्ड क्रॅबे या डॅनिश संशोधकांनी १८६४ साली पुस्तिका लिहून लोकांना हे समजावले, कायदेही झाले. कच्ची छाटण कुत्र्यांना देणे थांबले आणि कालांतराने तो रोग बेटावरून नाहीसा झाला. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेतील ऑरेगन राज्यात गोठवलेले कच्चे खाद्य खाल्लेले एक मांजर बर्ड फ्लूने दगावले. त्याच महिन्यात आपल्या नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या त्याच रोगाला बळी पडले.

काही जण म्हणतील, आम्ही जाणूनबुजून हा धोका पत्करतो. पत्करावा, पण ज्याने त्याने आपल्यापुरता. आपल्या हौसेचा धोका दुसऱ्याच्या लेकरावर किंवा कामाच्या बाईवर टाकण्याचा अधिकार प्रेमालाही नाही. प्राण्यावरचे प्रेम माणसावरच्या प्रेमाला छेद देऊ लागले की काहीतरी बिनसले आहे, असे समजावे.

कॅथलिक ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात या विषयावर समतोल शिकवण आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देऊ नयेत आणि त्यांच्यावर प्रेम करण्यास हरकत नाही, असे सांगून तो ग्रंथ बजावतो की, माणसाच्या विपन्नावस्थेसाठी अग्रक्रमाने खर्चायचा पैसा त्यांच्यावर उधळू नये. श्रीमंताच्या दारी पडलेला लाजर आपल्याला आठवतो. मात्र या शिकवणीचा सोयीस्कर उपयोगही होतो. कुत्र्याच्या खिम्याचे पैसे वाचवून ते गरिबाला न देणारा मनुष्य काटकसरी ठरेल, दयाळू ठरणार नाही.

मग करावे काय? मांस द्यायचे तर शिजवून द्यावे. कुत्र्याला त्यासोबत भात चालतो. आपल्या पातेल्यातला कांदालसणाचा खिमा मात्र देऊ नये, कारण कांदालसूण या प्राण्यांच्या रक्ताला बाधतात. शिजवलेली हाडे फुटून आतड्यांत टोचतात, म्हणून तीही टाळावीत. कॅल्शियमची आणि मांजराच्या टॉरिनची उणीव राहणार नाही असा आहार पशुवैद्याला विचारून ठरवावा. भांडी वेगळी असावीत, हात साबणाने धुवावेत आणि घासणाऱ्या बाईलाही त्यामागचे कारण सांगावे.

खिमा पुढे आला की कुत्रा आनंदाने शेपूट हलवतो. त्या आनंदावरून आपण आपल्या प्रेमाची परीक्षा करतो. पण मूलही गोळी-चॉकलेट पाहून टाळ्या पिटते, म्हणून त्यावर त्याला कोणी वाढवीत नाही. प्रेम करणाऱ्याने थोडा अभ्यास करावा, थोडे कष्ट घ्यावेत. मुक्या जिवाच्या बाबतीत तर ते अधिकच आवश्यक, कारण आपण चुकलो तरी तो शेपूट हलवतच राहणार आहे.