साधारणीकरण आणि तहान

नाटकाने सामाजिक समतेविषयी संवाद घडवावा, ही अपेक्षा मराठीत नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि संहिता छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. संवाद घडावा की नाही, हा वादाचा मुद्दा नाही. तो कोणत्या अटीवर घडतो, हा आहे.

रसचर्चेत या अटीला साधारणीकरण म्हटले जाते. भाव व्यक्तिविशेषापासून सुटतो, ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हा भेद गळून पडतो, आणि म्हणूनच दुसऱ्याचे दुःख आस्वाद्य होते. शकुंतलेपुरते हे बिनतक्रार मान्य करता येईल. परंतु जातीने लादलेल्या दुःखात ‘विशेष’ हाच दुःखाचा आशय असतो. तो गळाला की उरते ती नुसती हळहळ. फुल्यांचा विदूषक मध्येच तोंड घालून जोशीबुवांच्या लबाडीकडे बोट दाखवतो, तो बहुधा ही हळहळ जमू नये म्हणूनच.

प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ (१९७७) ही एकांकिका बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात वाचली, तर ही अडचण अधिक ठळक होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील गावे येतात. तेथे भूगर्भातील पाणीच खारे. गोड्या पाण्याची वणवण सर्वच जातींनी सोसलेली. तेव्हा एकांकिकेतील तहान तेथील प्रेक्षकाला तत्काळ आपलीच वाटेल, आणि धोका आहे तो नेमका येथे. ‘पाणी कोणालाच नव्हते’ हे विधान खरे आहे. ‘पाणी कोणी कोणाला नाकारले’ या प्रश्नाचे मात्र ते उत्तर नव्हे. टंचाईला कर्ता लागत नाही, नकाराला लागतो.

मग कर्त्याचे नाव घेतले की भागते काय? सत्यशोधक जलशांनी ते घेतले होते. तमाशाची चौकट स्वीकारून त्यांनी भटजी-शेटजींना फडावर खेचले. बुलढाण्यात हा विचार रुजलेला होता. चिखलीच्या पंढरीनाथ पाटील यांनी फुल्यांचे चरित्र प्रसिद्ध केले ते १९२७ साली, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर जलशांची मर्यादाही दिसू लागते. भटजीवर मनमुराद हसणारा शेतकरी प्रेक्षक स्वतः आरोपमुक्तच राहत असे; गावविहिरीवरचा मज्जाव मात्र पुष्कळदा त्याच्याच तोंडून होत होता. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांना वेगळा फड उभारावा लागला, त्याच्या कारणांत हेही एक धरले पाहिजे. गज्वींनी सारा खेळ दोनच पात्रांवर पेलला. मंचावर तिसरा कोणी नसला, की हसून मोकळे व्हायलाही तिसरा उरत नाही.

प्रयोगानंतरच्या चर्चेचा प्रघात या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. तेथे ‘अनुभव सांगा’ असा आग्रह बहुधा दलित श्रोत्यालाच होतो; त्याने आपला अपमान पुन्हा एकदा, सर्वांच्या प्रबोधनासाठी, उगाळायचा. पोहऱ्याचा दोर ज्या घरांच्या हाती होता, त्या घरांतले श्रोते त्याच सतरंजीवर बसलेले असतात. त्यांना कोणी काही विचारत नाही.