उत्तरासाठी थांबणारा माणूस

वाट पाहणे म्हणजे काय, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे चकल्या-करंज्यांच्या बरोबरीने अंकांचीही वाट पाहिली जाते. त्याच्याही आधी हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येत होती, आणि यमूचे पुढे काय झाले हे कळण्यासाठी वाचणाऱ्यांना पुढच्या अंकापर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागे. जी कधी जन्मालाच आली नाही तिची ही काळजी! त्या काळजीला आज आपण वेड म्हणत नाही, सहृदयता म्हणतो.

हे आठवण्याचे कारण असे, की आमच्या कळंबोलीतील एक मुलगी गेले कित्येक महिने एका जपानी खेळाची वाट पाहत आहे, आणि तिच्या आईच्या मते हे वेडच आहे. मुलगी लहानपणी माझ्या शिशुवर्गात होती. आता चोवीस वर्षांची आहे आणि लोखंड बाजारातील एका कचेरीत हिशेब लिहिते. पगारातून पैसे साठवून तिने हातात धरून खेळायचे एक यंत्र घेतले आहे. त्यावर ती जे खेळते, त्याला जपानीत ‘ओतोमे’ खेळ म्हणतात. ओतोमे म्हणजे कुमारिका.

खेळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर धावाधाव आणि गोळीबार येतो. इथे तसले काही नाही. खेळणारीने कथेची नायिका व्हायचे. पडद्यावर चित्र असते, खाली संवाद उमटतात, पात्रांना नटांनी आवाज दिलेले असतात. कथा पुढे सरकता सरकता एके ठिकाणी थबकते आणि नायिकेने काय बोलावे याची दोन-तीन उत्तरे समोर येतात. त्यांतले जे निवडाल त्याप्रमाणे कथा वळते. नायक एकच नसतो, पाच-सहा असतात, आणि प्रत्येकाकडे जाणारी वाट निराळी. वाट चुकली तर शेवट दुःखाचा होतो. मग मागे फिरावे आणि दुसरे उत्तर देऊन पाहावे. मला विचाराल तर ही एक कादंबरीच आहे. फक्त मधूनमधून वाचणारीचे मत घेणारी.

या जातीचा पहिला खेळ म्हणून ‘अँजेलिक’चे नाव घेतात. तो कोएई या जपानी कंपनीने १९९४ साली काढला, आणि तो घडवण्यासाठी ‘रुबी पार्टी’ नावाचा बायकांचा गट उभा केला होता. त्या पहिल्याच खेळातील पेच मोठा मनोरंजक आहे. नायिका विश्वाच्या राणीपदाची उमेदवार असते आणि तिच्या भोवती नऊ रक्षक असतात. त्यांपैकी एकावर प्रेम करून त्याचा हात धरला तर राणीपद सोडावे लागते, आणि राणी व्हायचे तर प्रेम. कोणालाच न निवडता सिंहासनावर जाऊन बसण्याची सोय त्यात पहिल्यापासून आहे! ही गोष्ट मी मुलीच्या आईला अजून सांगितलेली नाही.

नवा खेळ येणार अशी घोषणा पुष्कळ आधी होते. मग एकेका नायकाचे चित्र प्रसिद्ध होते, त्याला आवाज देणाऱ्या नटाचे नाव कळते, गाण्याचा एखादा तुकडा ऐकायला मिळतो. जपानीत खेळ आला तरी आमच्या मुलीची वाट संपत नाही, कारण तो इंग्रजीत येण्यास आणखी काळ जातो. ‘हाकुओकी’ हा गाजलेला खेळ जपानात २००८ साली निघाला आणि इंग्रजीत आला २०१२ साली. एवढा काळ ज्याची वाट पाहावी असा माणूस खऱ्या आयुष्यात सापडणे कठीण, असे ती हसत हसत म्हणते. आईला मात्र हसू येत नाही. कारण गेल्या वर्षभरात मुलीने तीन स्थळे नाकारली आहेत.

“बाई, तुम्हीच तिला सांगा,” आई मला म्हणाल्या. “खोट्या पोरांच्या नादाने ही खऱ्यांना नाही म्हणते.”

आईच्या वाक्यात एक जुना आरोप आहे: नसलेल्या माणसावर जीव लावणे हे खोटेपणाचे आहे. या आरोपाने मी फारशी डगमगत नाही. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. जे काही शिकले ते वाचनालयातल्या कादंबऱ्यांपाशी, आणि पुढे स्वतःही चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे न्यायाधीश म्हणून मी निःपक्षपाती नव्हे, हे कबूल. पण रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली, आणि थेऊरला १७७२ साली वारलेल्या माधवरावांसाठी घरोघरच्या बायकांनी पदराने डोळे टिपले. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली. कर्णावर जीव लावलेल्या वाचक स्त्रिया मी माझ्याच घरात पाहिल्या आहेत. त्यांनी संसार नीट केले. आमटीत मीठ कमी पडले असेल एखादे दिवशी. त्यापलीकडे काही बिघडले नाही. ‘हाकुओकी’तील एक नायक हिजिकाता तोशिझो हाही खरा होऊन गेलेला लढवय्या, क्योतोत शोगुनच्या बाजूने बंदोबस्त राखणाऱ्या शिन्सेनगुमी दलाचा उपनायक. तो १८६९ साली हाकोदातेच्या लढाईत पडला. माधवरावांसाठी रडणे हे संस्कार आणि हिजिकातासाठी रडणे हा नाद, असा निवाडा देता येत नाही.

दुसरा आक्षेप कुजबुजत घेतला जातो. एक मुलगी आणि नायक सहा, हे काय? या ठिकाणी दिवाळी अंकाच्याच इतिहासातील एक प्रकरण आठवावे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकाच्या अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयात सुटका, उच्च न्यायालयात दोषी, आणि अखेर १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात पुन्हा निर्दोष, असा तिचा प्रवास झाला. त्या कथेत कवी असलेला एक शिक्षक आहे आणि त्याच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या तीन स्त्रिया आहेत. वाद झाला तो वर्णनांवरून. एका पुरुषाच्या कथेत तीन स्त्रिया का, हा प्रश्न कोणाला नवलाचा वाटण्याचे कारणच नव्हते. आपल्या काव्यांत आणि नाटकांत राजांच्या राण्यांची मोजदाद कोण करतो? आकडा उलटा झाला की मात्र आपण बोटे मोजू लागतो. हा आक्षेप मी इथेच सोडून देते.

पैशाचा प्रश्नही आहे. फोनवरच्या काही खेळांत नायकाची नवी चित्रे सोडतीसारखी नशिबाने मिळतात, आणि प्रत्येक सोडतीला पैसे मोजावे लागतात. तो धंदा मला पसंत नाही. तिलाही नाही; हिशेबनीस मुलगी आहे.

खरा आक्षेप तिसरा, आणि तो आईला नीट मांडता आला नाही तरी तिच्या पोटात तोच असावा. कादंबरीतला कर्ण वाचणारीकडे पाहत नाही. तो आपल्या दुःखात असतो. खेळातला नायक मात्र तिच्याकडेच पाहून बोलतो. तो तिच्यासाठीच घडवलेला असतो. तो रागावला तरी कोणत्या उत्तराने त्याचा राग जाईल हे आधी लिहून ठेवलेले असते, आणि चुकले तर मागे जाता येते. अशा माणसाची सवय झालेल्या मुलीला, आपल्या मनासारखे न वागणारा, घोरणारा, सासूच्या बाजूने बोलणारा माणूस कसा चालावा?

दमयंतीची कथा इथे माझ्या मनात येते. तिच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे देव नलाचेच रूप घेऊन बसले. एका ओळीत पाच नल. दमयंतीने देवांचीच करुणा भाकली, तेव्हा त्यांनी आपल्या खुणा प्रकट केल्या: त्यांना घाम नव्हता, त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या, गळ्यातल्या माळा कोमेजत नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. पाचवा तेवढा घामेजलेला, धुळीने माखलेला होता, आणि त्याची सावली पडत होती. दमयंतीने माळ घातली ती त्याला. मी ही कथा मुलीला सांगितली, अर्थात हेतू मनात धरून. पडद्यावरचे तुझे सगळे नायक त्या चौघांसारखे आहेत, असे मला सुचवायचे होते.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाई, दमयंतीला पाचही जण समोर बसवून दाखवले होते. आणि तिचे ओळखणे होईपर्यंत सगळी सभा थांबली होती. मला मागच्या खेपेला अकरा मिनिटे मिळाली. त्यांतली सात पोह्यांची डिश फिरवण्यात गेली.”

नंतर तिने जे सांगितले ते मी तिच्याच शब्दांत देते. “मुलाने मला विचारले, लग्नानंतर नोकरी करणार का? मी उत्तराचा विचार करीत होते, तोवर त्याचे मामा म्हणाले, ते काय पुढचे पुढे बघू. आई म्हणाली, तिची काही हट्टाची सवय नाही. संपले. खेळात काय असते माहीत आहे? तो विचारतो आणि थांबतो. मी यंत्र खाली ठेवून भाकऱ्या करून आले तरी तो तिथेच थांबलेला असतो.”

मुलीला सुंदर चेहरा हवा आहे, गोड आवाज हवा आहे, अशी माझी समजूत होती. तेही हवे असणारच. चोवीस वर्षांचे वय आहे. परंतु महिनोन् महिने जिची वाट पाहावी अशी गोष्ट त्या खेळात असेल, तर ती ही आहे: तिथे तिची वाट पाहिली जाते.

आता यावर तत्त्वाचा एक प्रश्न उरतोच. यंत्राचे थांबणे हे थांबणे आहे काय? ज्याला उठून जाता येते, घड्याळाकडे पाहता येते, दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य तोडता येते, तो तसे न करता बसून राहिला तर त्याला आपण धीर म्हणतो, आदर म्हणतो. पडद्याला दुसरे काही करताच येत नाही. भिंत आपले बोलणे तोडत नाही म्हणून भिंतीला कोणी सभ्य म्हणत नाही. तेव्हा मुलीला जे मिळते ते आदराचे चित्र आहे, आदर नव्हे, असे कोणी म्हणाले तर मला ते मान्य करावे लागेल.

पण पुरते नाही. त्या थांबण्यामागे कोणी तरी आहे. जपानातल्या कुठल्या तरी कचेरीत लेखकांनी बसून ठरवले, की या जागी कथा थांबवायची, इथे तिला विचारायचे. कुठे थांबावे हे काही यंत्राला कळत नाही. मी स्वतः कादंबरीत एखादा ऐकून घेणारा नवरा लिहिते तेव्हा तो कागदाचाच असतो. पण त्याचे ऐकून घेणे मी कुठून तरी आणलेले असते, आणि वाचणारी ते ओळखते. भुकेल्याला लाडवाचे चित्र दाखवले तर पोट भरत नाही हे खरे. तरी त्यावरून त्याची भूक खोटी ठरत नाही, आणि लाडू कसा असतो हेही त्याला विसरू द्यायचे नसेल तर चित्र फाडून टाकणे हा उपाय नव्हे.

मत विचारले न जाणे ही किती जड गोष्ट असते, हे याच प्रदेशात एकदा कोर्टापुढे आले होते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी त्या नवऱ्याकडे जाण्यास नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाही तर तुरुंगात जा असे फर्मावले, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. आजची मुलगी सज्ञान आहे, कमावती आहे, तिला कोणी तुरुंगाचे भय घालत नाही. तिचे मत आपण नाकारत नाही. फक्त ते पुरे होईपर्यंत थांबत नाही. पोहे गार होतात ना!

आईला मी एवढेच सांगितले, की मुलीने स्थळे नाकारली ती खेळातल्या पोरांमुळे असे मला वाटत नाही. अकरा मिनिटांमुळे असावीत. त्यांना ते पटले नाही. “आम्हाला कुठे कोणी विचारले होते? आमचे झालेच ना?” असे त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता भांड्यांकडे वळल्या. थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, “ह्यांनी मला एकदाच विचारले होते, धाकटीच्या वेळेस, माहेरी जायचे आहे का म्हणून. मी उत्तर देईपर्यंत चप्पल घालून बाहेर पडले होते.” यावर मी काही बोलले नाही.

तुळशीचे लग्न झाले की कराडकडचे एक स्थळ येणार आहे. जपानी खेळ त्याच्याही नंतर तीन महिन्यांनी. मुलीने मुलाला विचारायचा एक प्रश्न ठरवून ठेवला आहे. तो ती मलाही सांगत नाही. तो विचारून झाला की त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत आपण गप्प बसायचे, असा तिचा बेत आहे. त्या दिवशी मी हजर राहावे असा आईचा आग्रह आहे, आणि मी होकार दिला आहे. मात्र मामा-काका मंडळींना घेऊन अर्धा तास गच्चीवर जायचे काम माझ्याकडे राहील, ही अट घातली आहे. गच्चीवरून द्रुतगती मार्गाचा फाटा चांगला दिसतो. पाहुण्यांना दाखवण्यासारखे आमच्याकडे तेवढेच आहे.