ताप कुणाच्या वाट्याला?

२०२५च्या जानेवारीत उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले. पन्नासच्या आसपास कावळे गेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला : एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. आजूबाजूचा १० किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आमचं रेणापूर त्या वर्तुळाच्या बरंच बाहेर. पण मोबाईलवर आलेली बातमी किलोमीटर मोजत बसत नाही. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"आपल्या बी मारतेत का रं?"

मावशीच्या परसात अकरा कोंबड्या आहेत आणि एक कोंबडा. अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे. त्यांचा हिशेब ती घरात कुणालाच देत नाही. मी लातूरला नीटच्या क्लासमध्ये दोन वर्षं काढली, डॉक्टर झालो नाही, पुढे सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. त्यामुळे असले प्रश्न घरात माझ्याकडे येतात. मी म्हणालो, "नाही मारत. आपण लांब आहोत."

"अन् जवळ असतो तर?"

"मारल्या असत्या."

"दुखणं नसलं तरी?"

"हो. बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग मी डालग्याखाली झाकून ठिवीन."

तिला अडाणी म्हणणं सोपं होतं. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. जी कोंबडी धडधाकट आहे, तिला कशासाठी मारायचं?

उत्तराचा अर्धा भाग पेशीच्या दारात सापडतो. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल. हिमॅग्लुटिनिन त्यालाच चिकटतं. पण हे आम्ल साखळीला दोन वेगवेगळ्या पद्धतींनी जोडलेलं असतं. पक्ष्यांच्या आतड्यात एक जोडणी, माणसाच्या नाका-घशात मुख्यतः दुसरी. बर्ड फ्लूचं हिमॅग्लुटिनिन पक्ष्यांच्या जोडणीला नीट बसतं, आपल्या घशात सहसा बसत नाही. मात्र फुप्फुसात खोलवर आपल्याकडेही पक्ष्यांसारखी जोडणी असते. म्हणून हा आजार माणसाला सहज होत नाही, आणि झालाच तर अनेकदा थेट छातीत उतरतो.

पुढची गोष्ट अजून विचित्र आहे. हिमॅग्लुटिनिन एका ठिकाणी कापलं गेल्याशिवाय विषाणूला पेशीच्या आत शिरता येत नाही, आणि कात्री विषाणूकडे नसते. ती यजमानाचीच. सौम्य प्रकारच्या बर्ड फ्लूला चालणारी कात्री पक्ष्याच्या आतड्यात आणि श्वासमार्गात मिळते, म्हणून तो तिथेच थांबतो. घातक एच५एन१च्या कापायच्या जागी काही जादा अमिनो आम्लं असतात. त्यामुळे फ्युरिन नावाची कात्रीही त्याला चालते, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक अवयवात असतं. मग विषाणू मेंदूत, हृदयात, सगळीकडे पसरतो. काल दाणे टिपणारी कोंबडी आज मेलेली दिसते, ती यामुळे.

आत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढायलाही विषाणूला यजमानाच्या एका प्रथिनाचा हात लागतो. पक्ष्यांमधलं ते प्रथिन आपल्यातल्यापेक्षा ३३ अमिनो आम्लांनी लांब असतं. पक्ष्यांच्या विषाणूला त्याचीच सवय असल्याने माणसाच्या पेशीत त्याचं काम अडतं. पण विषाणूच्या पीबी२ या प्रथिनात ६२७ क्रमांकाच्या जागी एकच अमिनो आम्ल बदललं, तरी ही अडचण बरीचशी दूर होते.

प्रती काढताना विषाणू सतत चुका करतो. त्यातली एखादी चूक त्याला माणसाच्या जवळ आणते. म्हणून प्रत्येक बाधित कोंबडी हे लॉटरीचं तिकीट आहे, आणि शेजारची धडधाकट कोंबडी हे उद्याचं तिकीट. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना एच५एन१ झाला, त्यातले ६ दगावले. शहरातल्या दहा लाखांहून जास्त कोंबड्या काही दिवसांत मारल्या गेल्या आणि माणसांमधली ती साथ तिथेच थांबली. २००३पासून जगभरात ९००हून अधिक लोकांना हा आजार झाल्याची नोंद आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे वाचले नाहीत. आपल्याकडे नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. तेव्हा कोंबड्या मारण्यामागचं कारण पोकळ नाही. मला ते पटतं.

पण कारण पटलं म्हणून न्याय झाला असं होत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे आपण नेहमी दुसऱ्याच्या ओल्याबद्दल बोलतो.

याचं समर्थन करताना मी पूर्वी शरीराचं उदाहरण द्यायचो. विषाणू शिरलेली पेशी पुष्कळदा स्वतःला संपवते, म्हणजे विषाणूचा कारखाना बंद पडतो आणि बाकीचं शरीर वाचतं. थोड्यांनी जावं, सगळ्यांनी जगावं, निसर्गच असं करतो, असं मी म्हणायचो. मावशीच्या फोननंतर मला त्या उदाहरणातली खोट दिसली.

बाधित पेशी मरण्याआधी हाक मारते. ती इंटरफेरॉन सोडते. ती हाक ऐकून शेजारच्या निरोगी पेशी सावध होतात, विषाणूला अडवणारी प्रथिनं बनवू लागतात, गरज पडली तर स्वतःची नेहमीची कामं मागे ठेवतात. मग सगळ्या शरीराला ताप येतो. फ्लू श्वासमार्गात असतो, पण पोटऱ्या दुखतात, भूक जाते, डोकं ठणकतं. यातलं बरंचसं दुखणं विषाणू देत नाही, शरीर स्वतःच्या बचावापोटी सोसतं. थोडक्यात, एक पेशी मरते खरी, पण तिच्या मरणाचा खर्च सगळं अंग भरतं. आणि ती पेशी ज्या शरीरासाठी मरते, त्याच्याच रक्तावर जगलेली असते.

मावशीचं तसं आहे का? २०२१च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात ८००च्या आसपास कोंबड्या मेल्या. आपल्या लातूर जिल्ह्यातही रोग निघाला आणि पक्षी मारावे लागले. तेव्हा राज्यात अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये आणि अंड्याला ३ रुपये भरपाईचा दर होता. गावरान कोंबडीला बाजारात याच्या कितीतरी पट भाव मिळतो. शिवाय भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. ज्या महामारीपासून मुंबईतली लोकल, पुण्यातली कंपनी आणि माझी लातूरची खोली वाचणार, तिचा खर्च परसात अकरा कोंबड्या पाळणाऱ्या बाईने भरायचा. मरायला तेवढी ती शरीराची पेशी, आणि ताप वाटून घ्यायची वेळ आली की ती कुणाचीच नाही.

हा निव्वळ दयेचा मुद्दा नाही. फ्लूच्या विषाणूकडे एनएस१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं मोठं काम एकच : बाधित पेशीची हाक दाबायची, इंटरफेरॉन बाहेर पडू द्यायचं नाही. शेजाऱ्यांना कळतच नाही आणि विषाणूला वेळ मिळतो. कोंबडी मेली तर ती गुपचूप पुरायची, उरलेल्या डालग्याखाली झाकायच्या, असं एखादीला वाटू लागतं तेव्हा गावात नेमकं हेच घडतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मावशीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी ती झाकणार, कारण खरं सांगण्याची किंमत एकटी तीच मोजणार आहे. अन्यायाचा दर एनएस१चं काम करतो. हाक दाबतो.

म्हणून माझं उत्तर असं आहे. धडधाकट कोंबडी मारणं योग्य ठरू शकतं, पण तेव्हाच, जेव्हा ज्यांचा जीव वाचतो ते सगळे त्याचा ताप वाटून घेतात. बाजारभावाने भरपाई, ती लवकर, मेलेल्या पक्ष्याचीही, आणि पुढची पिल्लं आणायला हात. याला उपकार म्हणायचं कारण नाही. एका शरीरात राहायचं तर एवढा ताप अंगावर घ्यावाच लागतो.

मागच्या दिवाळीत रेणापूरला गेलो तेव्हा हे सगळं मावशीला माझ्या परीने सांगितलं. हिमॅग्लुटिनिन वगळून. ती दाणे टाकत ऐकत होती. शेवटी एका तलंगीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही नव्वदला देतो का कुणी, इचारून बघ बरं."

मी अजून कुणाला विचारलेलं नाही.