‘पुरे’ कोण म्हणतो?

गेल्या उत्सवाच्या पंगतीत आम्ही वाढावयास होतो. एका लठ्ठ मुलाने तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा “पोट आहे की कणगी?” असे शब्द आमच्या तोंडून गेले. मंडळी हसली. मुलगा हात धुवावयास म्हणून उठला, तो पानावर परतलाच नाही.

अतिभोजन हा दोष आहे, ह्याविषयी दुमत नाही. अति खाणारा व मुळीच न खाणारा, दोघांसही योग साधत नाही असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे. परंतु ‘आता पुरे’ ही जाणीव माणसास होते कशी, ह्याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिस्थूल उंदरांतील बिघडलेले जनुक शोधून काढले. ह्या जनुकाच्या योगे शरीरातील चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक निर्माण करते व साठा पुरेसा असल्याचा निरोप रक्तावाटे मेंदूस पोचतो. निरोप न आल्यास भरल्या पोटीही मेंदू देहास उपाशीच समजतो. १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांस एकाच कुटुंबातील दोन मुलांत हाच बिघाड आढळला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो! पुढे त्या मुलीस रोज लेप्टिनची सुई देण्यात आली. तिची भूक उतरली व वर्षभरात वजन १६ किलोंहून अधिक घटले. सुईपूर्वी ती लोभी होती आणि सुईनंतर संयमी झाली, असे म्हणावयाचे काय?

अशी मुले अत्यंत विरळा, हे खरे. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन विपुल असते, पण मेंदू त्यास पुरेशी दाद देत नाही. त्यांस ही सुई फारशी उपयोगी पडत नाही. त्यांच्या स्थूलतेत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. गोडधोड, बैठे काम ह्यांचाही असतो. तो आम्ही नाकारीत नाही. तथापि निरनिराळ्या घरांत वाढलेल्या एकरूप जुळ्यांच्या देहयष्टीत जे विलक्षण साम्य आढळते, ते केवळ ताटातून आलेले नव्हे.

आम्ही स्वतः काडीसारखे. वडील तसेच, आजोबाही तसेच होते. दोन मुदी भातावर आमचा हात आपोआप थांबतो, आणि ह्यास आम्ही आजवर संयम म्हणत आलो!

परवा तो मुलगा दर्शनास आला होता. आम्ही हाक मारली. तो आईच्या पदराआड गेला.